ट्रस्टच्या कागदात बाईची जागा कोणती?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील महिला मंडळं व बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या विषयाचं नाव ऐकून तुमच्यापैकी काहीजणी बुचकळ्यात पडल्या असतील. ट्रस्ट म्हणजे देवळाचा, नाहीतर शाळा-कॉलेजचा. त्याचा आपल्या घरातल्या पैशाशी काय संबंध? तुमची शंका रास्त आहे. आपल्या भागात ट्रस्ट हा शब्द आपण तसाच ऐकत आलो. बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ सालचा, विद्या प्रतिष्ठान १९७२ सालचं. या सार्वजनिक संस्था. लोकांच्या कामासाठी असलेल्या अशा ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली होते. आज मी बोलणार आहे ती खाजगी, म्हणजे कौटुंबिक ट्रस्टबद्दल. त्याचा कायदा वेगळा आहे. तो १८८२ सालचा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट. या ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होत नाही, आणि तिथून त्यावर कुणाची देखरेखही नसते. हे आधीच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

हा विषय आत्ताच का घेतला? कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत घराघरात मोठा पैसा आला आहे, येतो आहे. नीरेच्या कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. उसाचं बिल सभासदाच्या खात्यावर जमा होतं आणि सभासद बहुतेक घरांत पुरुष असतो. उजनीच्या पाण्याखाली इंदापूरची गावं गेली, तेव्हाही पुनर्वसनाचा कागद घरच्या कर्त्याशी बोलला. नंतर एमआयडीसी आली. अलीकडे पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे पुढे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गासाठी जमिनी गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या कामाची पायाभरणी झाली. ज्या वाटेने आपल्या आज्या-पणज्या टाळ घेऊन चालल्या, त्या वाटेच्या कडेची जमीन गेली आणि तिचा मोबदला बँकेत आला.

मोबदला आला की घरात सल्लागारही येतात. कुणी वकील, कुणी सीए, कुणी शहरात राहणारा पाहुणा. ते सांगतात, "वाटणी करून तुकडे कशाला पाडता? कुटुंबाचा ट्रस्ट करा. पैसा एकत्र राहील, भांडण होणार नाही." मग लेकीला माहेराहून फोन जातो. "ताई, ट्रस्टमध्ये तुझंही नाव घातलंय. तू फक्त येऊन हक्कसोडपत्रावर सही कर." भाऊ प्रेमाने बोलतो, वहिनी जेवायला थांबवते, आई डोळ्यांनी विनवते. ताईने सही करावी का? आजच्या भाषणाचा प्रश्न एवढाच आहे.

उत्तर देण्याआधी ट्रस्ट म्हणजे काय ते साध्या भाषेत समजून घेऊ. ट्रस्टमध्ये तीन माणसं असतात. पहिला देणारा. त्याची स्वतःची मालमत्ता असते आणि ती तो दुसऱ्याच्या हवाली करतो. दुसरा सांभाळणारा, म्हणजे विश्वस्त. कागदोपत्री मालक तो होतो, पण त्याला ती मालमत्ता स्वतःसाठी वापरता येत नाही. तिसरी व्यक्ती म्हणजे जिच्यासाठी हे सगळं केलं ती, लाभार्थी. एकच माणूस यातल्या दोन जागांवर असू शकतो. देणारा स्वतःच विश्वस्त होऊ शकतो, लाभार्थीही विश्वस्तांपैकी एक असू शकते. पण जागा तीन आहेत, आणि प्रत्येक जागेची ताकद वेगवेगळी आहे.

आपल्याकडच्या बाईला जवळजवळ नेहमी तिसरी जागा मिळते. "तुझं नाव आहे" याचा अर्थ तेवढाच असतो. सह्या करणारे, बँकेत जाणारे, कुणाला किती द्यायचं ठरवणारे दुसऱ्या जागेवर असतात, आणि तिथे भाऊ, दीर, सासरे बसलेले असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की ट्रस्टमध्ये नाव आहे का एवढंच विचारू नका. नाव कोणत्या जागेवर आहे, ते विचारा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ट्रस्टमध्ये माणूस स्वतःचीच मालमत्ता घालू शकतो. वाचायला सोपं वाक्य आहे, पण आपल्या घरांतली निम्मी फसगत इथे होते. वडिलांच्या नावावर सातबारा असला, म्हणून ती जमीन एकट्या वडिलांची ठरत नाही. जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर त्यात मुलाइतकाच मुलीचाही जन्मापासून वाटा आहे. आपल्या महाराष्ट्राने हे १९९४ सालीच मान्य केलं. त्याच वर्षी राज्याचं महिला धोरण आलं, तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचेच होते. पण त्या दुरुस्तीत २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या होत्या. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि लग्नाची ती अट गेली. तरी वाद उरला, की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असायला हवेत का? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो वादही मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी पुन्हा उघडता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचा वारसा त्यांच्या त्यांच्या कायद्याने ठरतो, त्यावर स्वतंत्र बैठक घेऊ.

मग घरच्या कर्त्याने सगळ्यांच्या वतीने एकत्र जमीन कुणाला प्रेमापोटी देऊन टाकली तर? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने के. सी. लक्ष्मण खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं, की कर्त्याला एकत्र कुटुंबाची मालमत्ता नुसत्या मायेपोटी अशी देता येत नाही. ट्रस्टचा कायदाही पहिल्याच कलमात सांगतो, की एकत्र कुटुंबातल्या माणसांचे आपसातले संबंध या कायद्याने बदलत नाहीत. म्हणजे ट्रस्टचा कागद केला म्हणून लेकीचा वाटा आपोआप बुडत नाही. तो बुडतो तिने हक्कसोडपत्रावर सही केली म्हणजे. म्हणून तर ट्रस्टबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतं!

आता ताईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही. हक्कसोडपत्र देऊन ट्रस्टमध्ये नाव घेणं म्हणजे मालकी देऊन मेहेरबानी घेणं. ती सही करू नये. ट्रस्ट खरंच सगळ्यांच्या भल्याचा असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी वाटा ठरू द्या, कागदावर येऊ द्या. मग ताई स्वतः देणारी म्हणून, आपला वाटा आपल्या अटींवर ट्रस्टमध्ये घालेल. तेव्हा ती पहिल्या जागेवर असेल, आणि तिला विश्वस्त म्हणूनही बसता येईल. भावाच्या मनात खोट नसेल तर या क्रमाला त्याची ना नसावी.

मोबदल्याच्या बाबतीत एक वेगळी सूचना. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा मोबदल्याच्या वाटणीवर वाद असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याने तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा असतो. १९५६ च्या महामार्ग कायद्यातच तसं लिहिलं आहे. म्हणजे लेकीने किंवा विधवा सुनेने वेळेत लेखी हरकत दिली पाहिजे आणि तिची पोच घेतली पाहिजे. तोंडी सांगितलेलं कचेरीत टिकत नाही. पैसा एकदा खात्यातून गेला, की त्याच्यामागे वर्षानुवर्षं धावावं लागतं.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, ही बाई ट्रस्टच्या विरुद्धच आहे. तसं नाही. ट्रस्ट हे अवजार आहे, आणि काही घरांना त्याची खरी गरज असते. समजा, एखाद्या बाईची मुलगी मतिमंद आहे. आईच्या पश्चात तिच्या नावावर पैसा असून काय उपयोग, तो वापरणार कोण? तिथे आईने विश्वस्त नेमून, मुलीच्या औषधपाण्याचा, राहण्याचा खर्च कसा करायचा हे लिहून ठेवलं, तर ते मोलाचं आहे. (अशा मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घेता येतो.) समजा, तरुण विधवा आहे, पदरात दोन लहान मुलं आहेत, आणि सासर-माहेरचे दोघेही पैशावर डोळा ठेवून आहेत. किंवा टाकलेली लेक आहे, वडील थकले आहेत आणि त्यांनी स्वतः कमावलेल्या पैशातून तिला दरमहा काही मिळत राहावं अशी त्यांची इच्छा आहे. अशा ठिकाणी ट्रस्ट उपयोगी पडतो.

पण कागद नीट हवा. कशासाठी ट्रस्ट, कुणासाठी, कोणती मालमत्ता, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या नसतील तर ट्रस्ट उभाच राहत नाही. जमीन किंवा घर घालायचं असेल तर सही केलेला लेखी दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नाहीतर ते मृत्युपत्राने करावं लागतं. रोख रक्कम विश्वस्ताच्या ताब्यात देऊनही ट्रस्ट होतो, पण तोंडी ट्रस्टवर भिस्त ठेवू नका, लिहून घ्या. शेतजमीन घालताना जास्त जपा. मुद्रांक शुल्क किती पडेल ते आधी विचारा, आणि विश्वस्त शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. नुसतं बायकोच्या किंवा लेकीच्या नावे करायचं असेल, तर ट्रस्टपेक्षा बक्षीसपत्र किंवा रीतसर वाटणी सरळ पडते. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. तिथे मध्ये विश्वस्त नव्हता.

कागद वाचताना काय काय बघायचं? विश्वस्त किती, आणि त्यात किमान एक बाई आहे का? कायद्याने एकाहून जास्त विश्वस्त असतील तर सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं, पण कागदातच "अमुक एकाच्या सहीने चालेल" असं लिहिलं तर ते चालतं. ते वाक्य शोधा. प्रत्येकीचा हिस्सा आकड्यात लिहिला आहे, की "विश्वस्तांना योग्य वाटेल तसं" असं लिहिलं आहे? दुसऱ्या प्रकारात तुमच्या हाती काहीच निश्चित नसतं. शिवाय हिस्से ठरलेले नसलेल्या ट्रस्टच्या करपात्र उत्पन्नावर साधारणपणे सगळ्यात वरच्या दराने आयकर बसतो, तेव्हा "कर वाचतो" ही थापही तपासून घ्या. देणाऱ्याने ट्रस्ट मोडण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला आहे का? राखला असेल तर आज दिलेलं उद्या परत घेतलं जाईल. तो राखला नसेल, तर हयातीत केलेला ट्रस्ट सज्ञान लाभार्थींच्या संमतीशिवाय सहसा मोडता येत नाही. लाभार्थीने दुसरं लग्न केलं, नवऱ्याला सोडलं, तर तिचं नाव जाईल अशी अट आहे का? अशी अट दिसली तर तो ट्रस्ट तुमच्या सोयीसाठी नसून तुमच्यावर पहारा ठेवायला आहे, असं समजा.

ज्यांचं नाव आधीच एखाद्या ट्रस्टमध्ये लाभार्थी म्हणून आहे, त्यांनी हे हक्क लिहून घ्या. विश्वस्ताने स्वच्छ हिशेब ठेवला पाहिजे आणि तुम्ही मागाल तेव्हा, वेळ-काळ बघून, पूर्ण माहिती दिली पाहिजे. ते कलम १९ आहे. ट्रस्टचा दस्त, हिशेब, पावत्या बघण्याचा आणि नकला घेण्याचा हक्क कलम ५७ देतं. विश्वस्ताला ट्रस्टच्या पैशातून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही, आणि कागदात तसं लिहिलेलं नसेल तर पगारही घेता येत नाही. त्याने ट्रस्टचं नुकसान केलं तर भरपाईची जबाबदारी त्याची. नवा विश्वस्त नेमून मिळावा म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च कसा करायचा, हा प्रश्न लगेच येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हिशेब मागणं म्हणजे भांडण नव्हे. बचत गटात आपण दर महिन्याला हिशेब वाचतो, तेव्हा कुणाचा अपमान होतो का?

आणखी एक बाजू आहे. बायकोला पोटगी द्यावी लागू नये म्हणून नवरा आपली मालमत्ता आईच्या किंवा भावाच्या नावे ट्रस्ट करून ठेवतो. फसवणुकीसाठी किंवा कायद्याला बगल देण्यासाठी केलेला ट्रस्ट कायद्याने टिकत नाही, त्याला कोर्टात आव्हान देता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हासुद्धा हिंसाचारच मानला आहे. तेव्हा असा कागद समोर आला तर हात टेकू नका.

आता गरीब घरांसाठीचा ट्रस्ट. हो, तोही आहे, आणि त्याला वकील लागत नाही. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याचं कलम ६ सांगतं, की नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या किंवा मुलांच्या हितासाठी म्हणून उतरवला आणि पॉलिसीवर तसं लिहिलं, तर ती पॉलिसीच ट्रस्ट होते. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, मुस्लिम, शीख, जैन कुटुंबांनाही हे कलम लागू असल्याचं स्पष्ट झालं. मग त्या पैशावर नवऱ्याची सत्ता राहत नाही आणि त्याच्या सावकाराला, सोसायटीला तो जप्त करता येत नाही. फक्त सावकाराची फसवणूक करायच्या हेतूनेच पॉलिसी काढली असेल तर तिच्या रकमेवर सावकाराचा हक्क सांगता येतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरात याचं मोल केवढं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण हे विम्याचा अर्ज भरतानाच करावं लागतं. त्यासाठी एक जादा फॉर्म असतो, एजंट तो आपणहून काढत नाही, मागावा लागतो. त्यात बायकोचं नाव स्पष्ट लिहा आणि विश्वस्ताचंही लिहा. विश्वस्त नेमला नाही तर रक्कम सरकारी विश्वस्ताकडे जाते. विश्वस्त म्हणून बायकोलाच नेमता येतं. इथे तिसरी आणि दुसरी, दोन्ही जागा तिच्या! आणि याची गल्लत बँकेतल्या नॉमिनीशी करू नका. बँकेतली नॉमिनी पैसे स्वीकारते, पण वारसांचा हक्क तिथे तसाच राहतो.

मृत्युपत्राने केलेला ट्रस्टही स्वस्त पडतो. त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. हयात असेपर्यंत ते केव्हाही बदलता येतं. स्वतःच्या नावावर घर, सोनं, ठेव असलेल्या प्रत्येक बाईने याचा विचार करावा. बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी १९५६ सालीच मिळालेली आहे. देणारीच्या जागेवर बसायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी थोडा इतिहास सांगते. इंग्लंडमध्ये एके काळी लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. मग श्रीमंत बाप लेकीसाठी ट्रस्ट करून ठेवत. पैसा तिच्या नावाने असे, पण हातात विश्वस्ताच्या. गरिबाच्या लेकीला तेवढंही नव्हतं. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं झगडून १८७० आणि १८८२ साली कायदे करून घेतले, आणि लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करता येऊ लागली. आपल्याकडचा ट्रस्टचा कायदाही त्याच १८८२ सालचा. त्या बायकांनी जास्त ट्रस्ट मागितले नाहीत, त्यांनी मालकी मागितली. आपणही हाच क्रम धरायचा आहे.

म्हणून पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने तीन कामं करू या. एक, गटातल्या प्रत्येकीने सासरच्या आणि माहेरच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून तो गटात वाचायचा. दोन, कुणाला हक्कसोडपत्रासाठी किंवा ट्रस्टसाठी बोलावणं आलं, तर तिने एकटीने जायचं नाही. कागदाची नकल आधी मागायची, ती गटात वाचायची, आणि आठ दिवस घेतल्याशिवाय सही करायची नाही. तीन, गटातल्या ज्या घरांत नवा विमा उतरवला जाईल, तिथे तो जादा फॉर्म मागायचा. पुढच्या बैठकीत किती उतारे निघाले आणि किती फॉर्म भरले, ते वहीत लिहून आणा. ती वही समोर ठेवूनच आपण पुढचं बोलू.